कुलाब्याची नोंदवही आणि मोबाइलमधली किबला

मे 2024 मधल्या दुसऱ्या शनिवारी सकाळी मामूंचा फोन आला. मामू म्हणजे आईचे धाकटे भाऊ. तीसेक वर्षं व्यापारी जहाजांवर काढली, आता रायगडातल्या गावी असतात. त्या दिवशी मुलाच्या नव्या फ्लॅटवर, पनवेलला होते. आदल्या रात्री आमच्या खानदानाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तो नेहमीचा संदेश फिरला होता. सूर्यावर वादळ झालंय, रात्री साडेबारा ते साडेतीन फोन बंद करून ठेवा, उशाशी तर मुळीच ठेवू नका. हा संदेश दर दोन-चार वर्षांनी कुठून तरी उगवतो आणि मोहल्ल्याच्या ग्रुपांतून फिरून परत जातो. फरक एवढाच की या वेळी सूर्यावर खरोखरच वादळ झालं होतं.

मामूंनी फोन बंद केला नव्हता. त्यांचा प्रश्न वेगळा होता. "नवी जागा आहे म्हणून फजरला मोबाइलमध्ये किबला बघितली. या वादळाने ती हलली असेल का रे?"

प्रश्न साधा वाटतो, पण त्याचं उत्तर शोधताना मी पनवेलहून कुलाब्याला, तिथून अलिबागला आणि शेवटी थुंब्याच्या किनाऱ्यावर जाऊन पोचलो.

किबला दाखवणारं अॅप दोन गोष्टींवर चालतं. आपण कुठे आहोत हे ते उपग्रहांकडून आलेल्या सिग्नलवरून ठरवतं आणि फोन कुठल्या दिशेला वळलाय हे फोनमधल्या छोट्या चुंबकमापकावरून. दुसरी गोष्ट फार जुनी आहे. बैलक अल-किबजाकी या लेखकाने 1242 साली शामच्या किनाऱ्यावरून इस्कंदरियाला जाताना जहाजावर पाण्यात तरंगणारी चुंबकसुई पाहिली आणि 1282 मध्ये ती हकीकत ग्रंथात लिहिली. त्यानंतर थोड्याच वर्षांत यमनचा सुलतान अल-अशरफ उमर याने किबला ठरवण्यासाठी अशी सुई कशी वापरायची ते लिहून ठेवलं. होकायंत्राला उर्दूत कुतुबनुमा म्हणतात, आमचे मामू अजूनही तोच शब्द वापरतात.

ही सुई कधी कधी विनाकारण थरथरते, हे कळायला मात्र वेळ लागला. 1741 मध्ये स्वीडनच्या उप्साला शहरात सेल्सियस आणि त्याचा सहकारी हिओर्टर यांच्या लक्षात आलं की आकाशात ध्रुवीय प्रकाश दिसतो त्या रात्री सुई हलते. 'चुंबकीय वादळ' हा शब्द हम्बोल्टचा. पुढे गाउसच्या प्रेरणेने युरोपभर चुंबकीय वेधशाळा निघाल्या आणि 1840 च्या दशकात ईस्ट इंडिया कंपनीनेही सिमला, मद्रास, सिंगापूर इथे त्या उघडल्या. मुंबईत कुलाब्याला कंपनीची वेधशाळा 1826 पासून होतीच, तिचं मूळ काम जहाजांना अचूक वेळ पुरवणं. 1841 पासून तिथे चुंबकीय नोंदी सुरू झाल्या.

या वेधशाळेत आपल्या केरूनाना छत्र्यांनी उमेदीची वर्षं काढली. पुढे पुण्यात लोकमान्य टिळकांना गणित शिकवणारे ते हेच. प्रा. ऑर्लेबार यांच्या हाताखाली ते सहायक होते. काम कसलं, तर अंधाऱ्या खोलीत दुर्बिणीला डोळा लावायचा, लोंबकळणाऱ्या चुंबकाचं मोजपट्टीवरचं स्थान वाचायचं आणि वहीत लिहायचं. तास संपला की पुन्हा. दिवस, रात्र, पावसाळा, सण काही नाही. मला विचाराल तर विज्ञानाच्या इतिहासात सगळ्यात कमी गौरव झालेलं काम हेच.

1 सप्टेंबर 1859. इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन हा खगोलप्रेमी सूर्यावरच्या डागांचं चित्र काढत असताना एका डागाच्या जागी डोळे दिपवणारा पांढरा प्रकाश चमकून गेला. साडेसतरा तासांनी वादळ पृथ्वीवर थडकलं. युरोप-अमेरिकेत तारयंत्रं बिघडली, काही ठिकाणी ठिणग्या उडाल्या, काही तारमास्तरांनी बॅटरी काढून टाकली तरी संदेश जात राहिले. लंडनजवळच्या क्यू आणि ग्रिनिच इथल्या वेधशाळांत फोटोच्या कागदावर आपोआप नोंद होत असे. वादळ इतकं मोठं की रेघ कागदाबाहेरच निघून गेली.

कुलाब्यात अशी यंत्रं नव्हती, माणसं होती. एरवी तासाला होणारं वाचन वादळाची चाहूल लागताच दर काही मिनिटांनी होऊ लागलं. 2 सप्टेंबरला, दुपार व्हायच्या आधी, चुंबकीय क्षेत्राचा आडवा घटक सुमारे 1600 नॅनोटेस्लांनी खाली कोसळला आणि तो आकडा माणसाच्या हाताने वहीत उतरला. मुंबईतल्या त्या घटकाच्या साधारण चार टक्के ही घसरण आहे. टक्क्यांत किरकोळ वाटेल, पण पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या हिशेबात तो भूकंपच.

पुढे वही कपाटात राहिली. 2003 साली त्सुरुतानी, गोन्झालेस यांच्यासोबत भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे गुरबक्षसिंग लाखिना आणि शोभना अलेक्स या शास्त्रज्ञांनी ती उघडून तिचा अभ्यास प्रसिद्ध केला, आणि जगातल्या सगळ्यात प्रसिद्ध सौरवादळाची सगळ्यात कामाची नोंद मुंबईची ठरली. या आकड्याचा नेमका अर्थ काय यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहे. तासाची सरासरी घेतली तर घसरण बरीच कमी भरते. पण वाद घालायलाही आकडा लागतो, आणि तो कुलाब्याने दिला.

तेरा वर्षांनी, 4 फेब्रुवारी 1872 च्या रविवारी रात्री आणखी एक प्रचंड वादळ आलं. त्या रात्री मुंबईच्या आकाशात ध्रुवीय प्रकाश दिसल्याची आणि एडनच्या समुद्री तारेवर अडथळे आल्याची बातमी इथल्या वर्तमानपत्रात आली. एकोणीस अंश अक्षांशावरच्या मुंबईत! आजही शास्त्रज्ञ या बातमीचे दाखले देतात.

मग शहरात विजेच्या ट्राम येणार असं ठरलं. ट्रामच्या प्रवाहाने नाजूक चुंबकांचं वाचन बिघडणार होतं. वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई आर्देशिर फ्रामजी मूस यांनी नवी जागा शोधली, ती अलिबागची. इमारतीसाठी पोरबंदरचा दगड तपासून आणला, का तर त्यात चुंबकीय अंश नको. 1904 ते 1906 अशी दोन वर्षं कुलाबा आणि अलिबाग दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या, म्हणजे जुनी साखळी नवीला जोडता यावी. 1907 मध्ये ट्राम धावली तेव्हा मूस आपलं काम उरकून बसले होते. जागा बदलताना नोंद तुटू द्यायची नाही, ही शिस्त कुणाला शिकायची असेल तर अलिबागला जावं. ती वेधशाळा आजही चालू आहे, आणि तिची मालक असलेल्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेचं मुख्यालय नवीन पनवेलला आहे. मामू ज्या फ्लॅटमधून फोन करत होते त्याच गावात.

आता मामूंच्या प्रश्नाचा अर्धा भाग. वादळात सुई हलते, पण आपल्या भागात घसरण होते ती बहुतेक उत्तर-दक्षिण दिशेच्या जोराची. सुई त्याच रेषेत उभी असते, त्यामुळे तिचा जोर कमी झाला तरी दिशा फारशी बदलत नाही. फोनखालचं लोखंडी टेबल किंवा भिंतीतली सळई याहून कितीतरी जास्त घोळ घालते. आणि जागा? मुंबईहून मक्का सुमारे साडेतीन हजार किलोमीटर. उपग्रहाने आपली जागा वीस, अगदी पन्नास मीटर चुकीची सांगितली तरी किबलेच्या कोनात अंशाच्या हजाराव्या भागाएवढा फरक पडेल. पनवेलहून ती पश्चिमेपासून साधारण दहा अंश उत्तरेला, कालही तशीच होती आणि आजही. मामूंना हे सांगितल्यावर ते समाधानाने "हं" म्हणाले. पण जहाजावरचा माणूस तेवढ्यावर कसा सोडणार? "आणि बाकीच्यांचं? विमानं, जहाजं?"

बाकीच्यांचं प्रकरण अवघड आहे. इथे सुईचा संबंध संपतो आणि हवेचा सुरू होतो.

जीपीएसचे उपग्रह सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवरून फिरतात आणि सतत एकच गोष्ट सांगत असतात: मी इथे आहे आणि माझ्या घड्याळात इतके वाजलेत. सिग्नल खाली यायला सेकंदाच्या साधारण पंधराव्या भागाएवढा वेळ लागतो. चार उपग्रहांचे असे वेळ मोजले की जागा निघते. यात सगळा खेळ वेळेचा. सेकंदाच्या एक अब्जांशाची चूक झाली की अंतरात तीस सेंटिमीटरची चूक.

वाटेत, साधारण साठ-सत्तर किलोमीटरपासून हजारभर किलोमीटर उंचीपर्यंत, आयनांबर आहे. सूर्याच्या अतिनील किरणांनी तिथल्या अणूंमधले इलेक्ट्रॉन सुटे झालेले असतात. या सुट्या इलेक्ट्रॉनांतून जाताना सिग्नल रखडतो. ज्या वाटेवर एका चौरस मीटरच्या खांबात दहाचा सोळावा घात इतके इलेक्ट्रॉन आहेत, तिथे जीपीएसच्या मुख्य लहरीला सोळा सेंटिमीटरची उशिरी लागते. या एककाला टेक युनिट म्हणतात. भारतावर सूर्य तापलेल्या काळात दुपारी असे पन्नास ते शंभर युनिट सहज असतात. म्हणजे वादळ नसतानाही आठ ते सोळा मीटर. साध्या फोनमध्ये एक गणिती नमुना बसवलेला असतो, तो यातली साधारण अर्धी चूक काढून टाकतो.

पूर्ण काढायचा उपाय जुना आहे. उशिरी लहरीच्या वारंवारितेवर अवलंबून असते: वारंवारिता दुप्पट तर उशिरी पाव. दोन वेगळ्या लहरींवर एकच गोष्ट ऐकली तर दोघींच्या फरकावरून उशिरी काढता येते. जीपीएसच्या आधी अमेरिकी नौदलाची ट्रान्झिट ही व्यवस्था होती, 1964 पासून चालू. तिचं बीज 1957 च्या स्पुटनिकमध्ये. जॉन्स हॉपकिन्सच्या प्रयोगशाळेत दोन तरुणांनी स्पुटनिकच्या बीप-बीप आवाजातल्या चढउतारावरून त्याची कक्षा काढली, आणि मग कुणीतरी हिशेब उलटा केला: कक्षा माहीत असेल तर ऐकणाऱ्याची जागा निघेल. ट्रान्झिटचे उपग्रह 150 आणि 400 मेगाहर्ट्झ अशा दोन लहरींवर बोलत, ते याच आयनांबराच्या त्रासामुळे. मामूंना ती व्यवस्था आठवते. तिला जहाजावर नुसतं सॅटनॅव म्हणत, आणि जागा कळायला कधी कधी तास-दीड तास उपग्रहाची वाट बघावी लागे.

आता वादळ काय करतं ते बघू. सूर्यातून सुटलेला आयनांचा ढग आपलं चुंबकत्व घेऊन येतो. त्या चुंबकत्वाची दिशा दक्षिणेकडे असली की पृथ्वीच्या चुंबकीय कवचाचं दार उघडतं आणि ऊर्जा आत शिरते. पृथ्वीभोवती विद्युत्प्रवाहाचं कडं तयार होतं, त्याने सुई खाली येते. त्याच वेळी विद्युत्क्षेत्रं आयनांबरात घुसून इलेक्ट्रॉनांचा ढीग इकडून तिकडे ढकलतात. कुठे थर फुगतो, कुठे रिकामा होतो. चुकीचा आकडा मोठा असणं ही त्यातली मुख्य अडचण नव्हे. एका गावावरचं आकाश शेजारच्या गावासारखं राहत नाही, ही खरी अडचण. नोव्हेंबर 2003 च्या वादळात अमेरिकेतल्या ओहायोवर प्रत्येक किलोमीटरमागे सुमारे चाळीस सेंटिमीटर इतका फरक मोजला गेला. अचूकतेच्या बहुतेक पद्धती शेजारच्या ठाण्याने मोजलेली दुरुस्ती आपल्याला लावतात. आकाश असं फाटलेलं असेल तर ती दुरुस्तीच खोटी ठरते.

याचा पहिला मोठा धडा त्याच वर्षी मिळाला. अमेरिकेने विमानांना उपग्रहाच्या मदतीने धावपट्टीकडे उतरता यावं म्हणून वास ही व्यवस्था जुलै 2003 मध्ये सुरू केली. तीन महिन्यांनी, ऑक्टोबरच्या शेवटी, सूर्याने लागोपाठ मारा केला. 29 ऑक्टोबरला सुमारे पंधरा तास आणि 30 तारखेला अकरा तास उंचीच्या चुकीची पन्नास मीटरची मर्यादा ओलांडली गेली, आणि अचूक उतरण्यासाठी ही सेवा वापरता आली नाही. विमानं पडली नाहीत. यंत्रणेने 'माझ्यावर विश्वास ठेवू नका' एवढं वेळेत सांगितलं, आणि वैमानिकांकडे जमिनीवरची जुनी साधनं होती. ती जुनी साधनं खर्चिक म्हणून हळूहळू काढून टाकण्याकडे आज जगाचा कल आहे. मला हा कल फारसा पसंत नाही.

भारताची गोष्ट आणखी गुंतागुंतीची, कारण चुंबकीय विषुववृत्त देशाच्या दक्षिण टोकावरून जातं. तिथे दुपारी सुमारे शंभर किलोमीटरवर विद्युत्प्रवाहाची एक अरुंद नदी वाहते. तिचा अभ्यास करायचा म्हणूनच विक्रम साराभाईंनी रॉकेटसाठी केरळचं थुंबा निवडलं. 21 नोव्हेंबर 1963 ला तिथून पहिलं रॉकेट उडालं, चर्चच्या इमारतीत कचेरी थाटून. त्या तुकडीत तरुण एपीजे अब्दुल कलाम होते हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण रॉकेट नेमकं तिथूनच का उडालं हे शाळेत कुणी सांगत नाही. आपल्या अंतराळ कार्यक्रमाची जागा चुंबकसुईने ठरवली.

दिवसा विषुववृत्तावरचे इलेक्ट्रॉन कारंज्यासारखे वर उचलले जातात आणि दोन्ही बाजूंना खाली उतरतात. त्यामुळे इलेक्ट्रॉनांची सगळ्यात दाट रास विषुववृत्तावर नसते, ती गुजरात, मध्य प्रदेश, बंगालच्या पट्ट्यावर पडते. मुंबई तिच्या उतारावर. सूर्य मावळला की खालचा थर झपाट्याने विरळ होतो, वर जड आणि खाली हलकं अशी स्थिती येते, आणि तळातून बुडबुडे वर चढतात. मगरिबनंतर दीड-दोन तासांनी, विशेषतः मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात, सूर्य सक्रिय असेल त्या वर्षी हे नेहमीचंच. बुडबुड्यांतून येणारा सिग्नल ताऱ्यासारखा लुकलुकतो आणि रिसीव्हरच्या हातून सुटतो. इथे दोन लहरींची युक्ती चालत नाही. जो सिग्नल ऐकूच येत नाही त्याचा फरक कसा काढणार?

म्हणून गगन ही आपली व्यवस्था उभी करताना इस्रो आणि विमानतळ प्राधिकरणाला अमेरिकेचा आयनांबराचा नमुना जसाच्या तसा उचलता आला नाही. तो एका पातळ थराचा होता. इस्रोने अनेक थरांचा स्वतःचा नमुना बनवला. एप्रिल 2015 मध्ये गगनला उंचीच्या मार्गदर्शनासह विमान उतरवण्याची मान्यता मिळाली, आणि विषुववृत्तीय प्रदेशाला सेवा देणारी ती जगातली पहिली व्यवस्था ठरली. नाविकच्या उपग्रहांना सुरुवातीपासून दोन लहरी दिल्या, त्यातली 2492 मेगाहर्ट्झची लहर जीपीएसच्या मुख्य लहरीच्या मानाने चाळीस टक्केच रखडते.

वादळ आलं की आपल्याकडे बुडबुडे वाढतात का? कधी वाढतात, कधी साफ थांबतात. सगळं ते किती वाजता येतं यावर. 17 मार्च 2015 च्या वादळाचा जोर भारतावर नेमका सूर्यास्ताला आला. थर एकदम वर फेकला गेला आणि त्या रात्री सिग्नल चांगलेच लुकलुकले. दुसऱ्या संध्याकाळी वादळाने फिरवलेल्या वाऱ्यांनी विद्युत्क्षेत्र उलटं केलं आणि आकाश शांत.

मे 2024 चं वादळ वीस वर्षांतलं सगळ्यात मोठं. लडाखच्या हानले इथे आकाश लाल झालं. अमेरिकेच्या मक्याच्या पट्ट्यात ऐन पेरणीच्या दिवसांत, सेंटिमीटरच्या हिशेबाने ओळी आखणारे ट्रॅक्टर भरकटायला लागले आणि शेतकऱ्यांना पेरणी थांबवावी लागली. तिथे ओळ चुकली की पुढे खत आणि औषध फवारणारं यंत्रही चुकतं, कारण ते त्याच आठवणीवर चालतं. किबलेला पन्नास मीटर चालतात, मक्याला पाच सेंटिमीटर चालत नाहीत.

भारतात फारसं काही झालं नाही. इस्रोने नंतर कारण दिलं: वादळाचा मुख्य तडाखा 11 तारखेच्या पहाटे-सकाळी आला, तेव्हा आपल्यावरचं आयनांबर पुरतं तयारच झालेलं नव्हतं. म्हणजे मामू फजरला फोन हातात घेऊन नव्या खोलीत किबला शोधत होते, तेव्हा जोर चढत होता.

हे त्यांना सांगितलं तेव्हा पलीकडे थोडा वेळ आवाज नव्हता. मग म्हणाले, "म्हणजे मगरिबला आलं असतं तर?"

तर त्या रात्री आठ-नऊच्या सुमाराला आपल्या किनाऱ्यावरच्या बोटींतली जीपीएसची यंत्रं मधून मधून उपग्रह हरवत बसली असती, आणि गगनने वैमानिकांना जरा थांबा म्हटलं असतं. "कुतुबनुमा ठेवलाय मी बॅगेत," मामू म्हणाले. फोन ठेवल्यावर त्यांनी ग्रुपवर लिहिलं: फोन चालू ठेवा, किबला ठीक आहे, आणि कुणाकडे मक्याचं शेत असेल तर मला विचारा.